शेऱ्याचा रकाना

३ मार्च

चि. जावईबापू यांस,

शाळेत आम्ही चाळीस मुलं एका सुरात कविता म्हणायचो, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. गुरुजी लाकडी पट्टीने टेबलावर ठेका धरायचे. डावीकडच्या रांगांनी एका कवितेची ओळ म्हणायची, पट्टी वाजली की उजवीकडच्यांनी दुसरीची. एकदा पट्टी वाजायच्या आधीच उजवीकडच्यांनी तोंड उघडलं आणि वर्गात एक अशी ओळ ऐकू आली जी कुठल्याच कवीने लिहिली नव्हती. अर्धी समुद्राची, अर्धी चिमणीच्या घरट्याची. आम्ही पोट धरून हसलो. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "शब्द कुणाचाच चुकला नाही. थांबलं कुणीच नाही."

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहायची रीत आहे. या खेपेला तेवढा मजकूर मी गाळतो. आणि तुम्हाला अहोजाहो करतो आहे, ते मान म्हणून नव्हे. कचेरीत तुम्ही माझ्या हाताखाली होता तेव्हा मी 'अरे' म्हणायचो, माझे जावई झालात तेव्हाही म्हणत राहिलो. 'अरे' म्हणायला माणूस जवळचा लागतो.

चार वर्षांनी तुमचं पत्र आलं. फोन केला नाहीत ते बरं केलंत, मी उचलला नसता. अक्षर सुधारलेलं नाही.

पत्रात तुम्ही मला सगळं अथपासून समजावलं आहे, जणू मी तो पंप कधी पाहिलाच नाही. रुग्णाच्या शिरेत मोजून औषध सोडणारा पंप. त्याच्या कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला आपण कर्नल म्हणतो, पंचवीस वर्षं मी लिहिला. तिथे एका वेळी अनेक कामं चालतात आणि संधी मिळाली की एकमेकांच्या ताटात हात घालतात, हे तुम्हाला शिकवलं कुणी?

तरी चौकशी समितीला सांगता येईल अशा सोप्या भाषेत मीही एकदा लिहितो. मोटरच्या प्रत्येक पावलाला एक आकडा वाढतो : औषध किती गेलं त्याचा. आकडा मोठा, चिप लहान, म्हणून तो दोन तुकड्यांत लिहावा लागतो. खालचा तुकडा लिहून झाला, वरचा व्हायचा आहे, आणि नेमका तेव्हा दुसऱ्या कामाने तो वाचला, तर अर्धा नवा अर्धा जुना असा भलताच आकडा हाती येतो. महिन्या-दोन महिन्यांत एकदा, सेकंदाच्या लाखाव्या भागात, हे घडू शकतं. मी तो आकडा फक्त पडद्यावर दाखवत होतो. पडदा एकदा चुकला तर पापणी लवायच्या आत सुधारतो. म्हणून मी त्या आकड्याला तपासणीतून सूट दिली. आपल्या खात्याच्या रिवाजाप्रमाणे वर कारण लिहिलं आणि खाली माझं कचेरीतलं टोपणनाव : 'फक्त दाखवण्यापुरता. मास्तर.'

तुम्ही त्या आकड्यावरून पंप कधी थांबवायचा हे ठरवलंत! भिंतीवरच्या चित्रात रंगवलेल्या घड्याळाकडे पाहून गाडी पकडायला निघालात. औषध बरंच कमी गेलंय असं पंपाला वाटलं आणि तो सोडतच राहिला. तो माणूस जगला, ते त्या नर्सचं कर्तृत्व. तिने हाताने नळी उपटली. तुमचं त्यात काही नाही.

आता समिती २८ तारखेला बसणार. त्यांचं म्हणणं तुमच्याच शब्दांत : मास्तरांनी तपासलेल्या एकाही कागदावर शेऱ्याचा रकाना कधी कोरा सापडलेला नाही. कचेरीच्या दप्तरात फक्त शेऱ्याचं पान राहतं, आणि तुमच्या लिखाणाच्या या एकाच पानावर तो कोरा आहे, खाली सही मात्र आहे. अर्थात तो आकडा वापरणारी तुमची ओळ मास्तरांच्या सहीनंतर मागाहून घुसडली. म्हणजे चूक नव्हे, लबाडी. आणि लबाडी ठरली तर नोकरी जाईलच, शिवाय दवाखान्यातल्या कुठल्याही यंत्राला तुम्हाला जन्मात हात लावू देणार नाहीत.

तुम्ही विचारता, "सर, ती ओळ तेव्हा कागदात होती, हे तुम्हाला आठवतं का?"

आठवत नाही.

तुमचे सासरे

९ मार्च

जावईबापू,

उलट टपाली उत्तर आलं, त्यावरून पाणी कुठवर आलंय ते कळतं. आणि उत्तर तरी केवढं, एका ओळीचं : "सर, तुम्हाला चौथीतल्या कविता तोंडपाठ आहेत."

टोमणा बरा आहे. माझ्याकडूनच शिकला असाल. कविता लक्षात राहतात कारण त्या देखण्या असतात, जावईबापू. तुमची ती ओळ देखणी नव्हती. कंसात कंस, त्याच्या पोटात तो आकडा, आणि शेवटचा अर्धविराम असा टाकलेला, जणू पेन झटकताना शाई उडाली.

मला आठवतं ते निराळंच. तुम्ही कचेरीत आलात तो पहिला दिवस. दुसरा मजला, खिडकीकडे तोंड केलेलं माझं टेबल, खाली सायकलींची रांग. तुमच्या सदऱ्याचं दुसरं बटण तुटलेलं. मी विचारलं, "कुलूप कशाला लावायचं?" तुम्ही म्हणालात, "दोघांनी एकदम लिहू नये म्हणून." मी म्हटलं, "आणि नुसत्या वाचणाऱ्याचं काय? तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात." तुम्ही निघून गेलात. दुपारी परत आलात, धापा टाकत. "सर, वाचणाऱ्याने वाचण्याआधी एक खूण पाहायची आणि वाचून झाल्यावर पुन्हा पाहायची. खूण बदलली असेल तर आपण मध्येच वाचलं, असं समजून परत वाचायचं." पुस्तकात ते होतंच, पण तुम्ही पुस्तक पाहिलं नव्हतं. तुम्हाला ते जिना चढताना सुचलं होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी तुमच्या सासूबाईंना म्हणालो (होत्या तेव्हा त्या), "एक पोरगा सापडलाय." त्या म्हणाल्या, "हरवलं कोण होतं?"

पुढे चुगलखोर आला, चुका पकडणारा एक प्रोग्रॅम. चाचणी खात्यातल्या बाईंनीच त्याचं हे बारसं केलं. आपला कर्नल चालू असताना दोन कामं एकाच आकड्यावर न विचारता हात टाकतात का, एवढंच तो टपून पाहत राहतो, आणि सापडलं की कुठल्या फायलीतली कितवी ओळ, कुणी लिहिली, सगळं पत्त्यासकट वर कळवतो. सगळे त्याला घाबरायचे. मी नाही. मला वाटायचं, माझ्या लिखाणात तो काय काढणार आहे?

आणि ती शुक्रवारची सभा. तुम्ही चुगलखोराला सगळ्यात कडक दर्जावर चालवलंत आणि माझ्याच लिखाणातल्या एकेचाळीस तक्रारी भिंतभर झळकवल्यात. सोळा माणसं बसलेली. मी म्हटलं, "यातल्या तीस तरी किरकोळ आहेत." तुम्ही काय म्हणालात ते आठवतं? मला आठवतं. "सर, यतिभंग किरकोळ नसतो, असं तुम्हीच सांगता ना?"

ओळ म्हणताना श्वास घ्यायची जी जागा, ती यती. ती शब्दाच्या मधोमध आली की शब्द उभा चिरतो, त्याला यतिभंग म्हणतात. हे तुम्हाला मीच सांगितलं होतं, डबा खाताना, माझ्या घरच्या जेवणातला अर्धा वाटा देऊन. माझाच शब्द माझ्याच तोंडावर मारलात. सगळे हसले. चाचणीच्या बाई हसल्या नाहीत, खाली पाहत राहिल्या. ते जास्त लागलं.

तुमचं म्हणणं खरं होतं. एकेचाळीसच्या एकेचाळीस. त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

कागदाचं विचाराल, तर आठवत नाही ते नाहीच.

तुमचे सासरे

१६ मार्च

जावईबापू,

काल दुपारी तुमच्या घरून माणूस आलं होतं. तुम्ही पाठवलं नाहीत, असं तिने दारातच सांगितलं. मी विश्वास ठेवला, कारण तुम्ही पाठवलं असतंत तर ती आलीच नसती.

आली ती सरळ स्वयंपाकघरात. चहाचं आधण ठेवलं. बसली नाही. पर्समधून माझं मागचं पत्र काढलं. तुम्हाला लिहिलेली पत्रं घरभर वाचली जातात, हे मला आधी सांगायला हवं होतं.

"बाबा, ओळ देखणी नव्हती, असं लिहिलंय तुम्ही."

"मग? नव्हतीच."

"म्हणजे पाहिली होतीत."

मी चहात साखर ढवळत बसलो. साखर मी सहा वर्षांपूर्वी सोडली आहे.

"तू वकील कधीपासून झालीस?"

"तुमच्या घरात जन्मले तेव्हापासून. कागद कुठेय?"

"कसला कागद?"

"तुम्ही पेन्सिलीने तपासलेली प्रत्येक प्रत घरी आणायचात. आई म्हणायची, सवत आणली असती तर कमी जागा लागली असती."

"त्या कपाटाची किल्ली सापडत नाही हल्ली."

"बाबा, त्या कपाटाला कुलूपच नाही."

मग मी आवाज चढवला. त्या माणसाची अवस्था तुझ्या नवऱ्यामुळे झाली, असं म्हणालो. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "हो. तोही तेच म्हणतो. सकाळी दात घासताना म्हणतो, जेवताना म्हणतो. पोळी हातात धरून बसून राहतो. त्याने केलं ते तो म्हणतो. तुम्ही काय केलंत ते कोण म्हणणार?"

मी कप मोरीत ठेवायला उठलो.

"तुम्ही त्याला शिकवलंत आणि तो तुमच्यापुढे गेला, एवढाच राग आहे ना? पुढे जाणारा नसता तर दुसऱ्या आठवड्यात हाकलला असतात त्याला."

कपाटापाशी गेली. हात लावला. उघडलं नाही. मीच उघडावं म्हणून तसंच सोडलं. ही तिच्या आईची तऱ्हा, ती तुम्हालाही पुरेपूर भोवली असेल. जाताना दार इतकं हळू लावलं की कडीचा आवाजही झाला नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तर प्रत आहे. नऊ पानं आहेत. सातव्या पानावर ती ओळ आहे, खाली माझी तारखेसकट सही. म्हणजे सही करताना ती माझ्यासमोर होती. पुढे काय करायचं ते मी ठरवेन. तुम्ही आभार मानू नका. मानलेत तर गठ्ठ्याला काडी लावेन.

तुमचे सासरे

२१ मार्च

अरे,

कागद आज समितीकडे गेला. पोच मिळाली आहे. आता हे जे लिहितो ते समितीसाठी नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणूनही नाही. 'तू' म्हणतोय कारण हे 'तुम्ही'ला सांगवत नाही.

त्या शुक्रवारी सभा अकराला संपली. तीन वाजता तुझे कागद माझ्या टेबलावर आले. सातव्या पानावर ती ओळ मी अर्ध्या मिनिटात पकडली. पेन्सिलीने गोल केला. समासात 'तुकड्यांत वाचला जाईल' असं लिहायला घेतलं. 'तु' लिहिला. तेवढ्यात खाली सायकलींपाशी कुणीतरी हसलं. तुझं हसणं मी कुठेही ओळखतो. माझ्यावर हसत होतास की कशावर, देव जाणे.

मी रबर घेतलं आणि गोल खोडला. 'तु' खोडला. समासातली रबराची वळकटी फुंकून टाकली. शेऱ्याचा रकाना तसाच ठेवला आणि सही केली.

माणसाला इजा व्हावी असं माझ्या मनात नव्हतं. हे तू मानशील की नाही, याची मला पर्वा नाही, पण नव्हतं. माझा हिशेब सरळ होता. तू तुझं लिखाण जोडशील, दोन दिवसांत चुगलखोर बोंब ठोकेल. यंत्र दवाखान्यात जायला अजून पाच महिने होते. सोमवारच्या सभेत, त्याच भिंतीवर, त्याच सोळा माणसांपुढे मी विचारणार होतो, "आता हा कुणाचा यतिभंग?" वाक्य मात्रा मोजून तयार केलं होतं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

सोमवार आला. चुगलखोर गप्प. पुढचा सोमवार. गप्प. तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. त्या पोराने कुठेतरी आधी-नंतरची खूण तपासली असेल, आपल्यालाच दिसली नसेल. तू माझ्याहून हुशार आहेस हे मी चारचौघांत कधी कबूल केलं नाही, पण मनात इतकं घट्ट धरून बसलो होतो की तुझी चूक ही चूक असू शकते, यावरचा विश्वासच उडाला. तिसऱ्या महिन्यात निवृत्त झालो. निरोपाच्या सभेत तू माझ्याबद्दल बोलायला उभा राहिलास आणि मी उठून चालता झालो. लोकांना वाटलं, एकेचाळीस तक्रारींचा राग. तुलाही तेच वाटलं असणार. खरं म्हणजे तू माझी स्तुती करणार होतास आणि माझ्या कपाटात तो कागद होता.

चुगलखोर गप्प का राहिला, ते मला तुझ्या पहिल्या पत्राला जोडलेल्या अहवालात कळलं. मी सूट ओळीला दिली नव्हती, आकड्याला दिली होती. तो आकडा पुढे कुणीही, कुठेही, कशाहीसाठी वापरला तरी त्याने तोंड उघडायचं नाही, ही माझी आज्ञा होती. ज्याच्या ओरडण्याची मी सोमवारमागून सोमवार वाट पाहत बसलो, त्याचं तोंड मीच बांधून ठेवलं होतं. आणि विसरलो होतो.

हे वाचून तुला माझी कीव येईल. येऊ देऊ नकोस. तुझी ओळ चूकच होती. त्या आकड्यावर मी कारण लिहिलं होतं. दोन शब्द. ते वाचायला किती वेळ लागत होता रे? पण तुला घाई. तुला कायमच घाई.

मास्तर

२७ मार्च

अरे,

सहा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. लेकीचाही फोन नाही. आभार मानू नका असं म्हटलं होतं, तोंड शिवून घ्या असं म्हटलं नव्हतं.

उद्या समिती बसेल. एक गोष्ट मागच्या पत्रात मी लिहिली नाही, ती आज लिहितो. कागदासोबत मी समितीला जे निवेदन दिलं, ते असं आहे : 'सदर ओळ मी तपासलेल्या प्रतीत होती. नजरचुकीने शेरा द्यायचा राहिला.'

नजरचुकीने.

तुझ्यापुरतं ते पुरतं. लबाडीचा आरोप जाईल, उरेल ती चूक, आणि चुकीची शिक्षा तू भोगशील आणि परत कामाला लागशील. माझ्या वाट्याला येईल ती एका म्हाताऱ्याची नजरचूक. म्हाताऱ्यांना नजरचुका माफ असतात, चष्म्याचा नंबर विचारतात आणि सोडून देतात. पंचवीस वर्षं लोकांनी मला ज्या नावाने हाक मारली, त्याला मी आपल्या हाताने काळं का फासू? कुणाला काय मिळणार आहे त्यातून?

तुला खरं सांगितलं, कारण तू ते उद्या समितीत सांगणार नाहीस. सांगितलंस तर सुटका होईल तुझी अर्धीअधिक, तरी सांगणार नाहीस. खाली मान घालून उभा राहशील. तू तसा आहेस, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. एकदा तरी माझ्याशी नीट भांड

बेल वाजली. थांब.

मला वाटलं, लेक असेल. मग वाटलं, तू. सदऱ्याची बटणं लावली. कारण काय, कुणास ठाऊक. दार साखळी लावूनच उघडलं.

पन्नाशीचा एक माणूस. ओळखीचा नाही. बस चालवणाऱ्यांचा जुना कोट, त्यावरचा बिल्ला काढलेला. तीन मजले चढून आला होता, एक हात कठड्यावर.

"मास्तर म्हणतात ते तुम्हीच का?"

"आपण कोण?"

"त्या पंपाखाली होतो तो मी."

समिती प्रत्येक कागदाची नक्कल दोन्ही बाजूंना देते, हा नियम मला पाठ आहे. दुसऱ्या बाजूला माणूस असतो, हे ध्यानात आलं नव्हतं.

त्याने दाराच्या फटीतून एक पान पुढे केलं. सातवं पान, त्याची छायाप्रत. मी रबराने घासून जे घालवलं होतं, ते छायाप्रतीच्या यंत्राने कागदावरच्या वळातून उचललं होतं. फिकट राखाडी, पण अख्खा गोल. समासात 'तु'.  

"मला यातलं काही समजत नाही साहेब," तो म्हणाला. "मी आपला बस चालवायचो. त्या औषधानंतर आता नाही चालवू देत. उद्या मलाही बोलायला बोलावलंय, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला भेटावं. तुमची नजरचूक झाली म्हणता ना, मग हा गोल कुणी काढला?"

मी म्हटलं, "एक मिनिट हं." दार लोटलं आणि इथे टेबलाशी येऊन हे लिहितोय. हा भित्रेपणा आहे, मला कळतंय. तो हाका मारत नाही. पुन्हा बेलही वाजवत नाही. कठड्याला टेकून उभा आहे. त्याचा श्वास मला इथे ऐकू येतोय.

साखळी काढायला जातो.